टॉर्कचा आकडा कसा वाचायचा: डिझेल गाडी आणि पेट्रोल स्पोर्ट्‌स कार शेजारी ठेवून

दोन इंजिनांचे आकडे शेजारी मांडू. पहिलं फोक्सवॅगन गोल्फसारख्या घरगुती गाड्यांमध्ये अनेक वर्षं बसवलेलं २ लिटरचं टर्बो डिझेल (टर्बो म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणारा पंखा): १४० अश्वशक्ती, ३२० न्यूटन-मीटर टॉर्क. दुसरं होंडा एस२००० या दोन आसनी स्पोर्ट्‌स कारचं २ लिटरचं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन: युरोपात विकल्या गेलेल्या गाडीत २४० अश्वशक्ती, २०८ न्यूटन-मीटर. दोन्हींना चारच सिलिंडर. डिझेलचा टॉर्क दीडपट आहे, तरी मोकळ्या सरळ रस्त्यावर दोन्ही गाड्या पूर्ण दाबल्या तर डिझेल बरीच मागे राहते.

गंमत अशी की रोजच्या रस्त्यावर, चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये नुसता पाय दाबला, तर तीच डिझेल जास्त दमदार वाटते. स्पोर्ट्‌स कार त्या क्षणी अगदी साधी वाटते, कधी कधी तर सुस्तच. हे दोन्ही अनुभव खरे आहेत. ते एकमेकांना खोडत नाहीत हे समजायला थोडं गणित लागतं, गुणाकार-भागाकारापलीकडचं नाही. कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर उत्तम.

"टॉर्क गाडी पळवतो, अश्वशक्ती फक्त टॉप स्पीड ठरवते" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते आत्ताच बाजूला ठेवा. ऐकायला ते इतकं पटतं की वर्षानुवर्षं गाड्या चालवणारे लोकही तेच सांगतात, आणि इथल्या बहुतेक गोंधळाचं मूळ तेच आहे.

पायरी १: टॉर्क हाताला जाणवू द्या

चाकाचा नट आवळायला पाना लावता तेव्हा तुम्ही टॉर्कच देत असता. मध्यापासून अर्धा मीटर लांब असलेल्या दांड्याच्या टोकाला साधारण २४ किलो वजनाइतका जोर लावला की १२० न्यूटन-मीटर होतात. दांडा निम्मा केलात तर तेवढ्याच टॉर्कला दुप्पट जोर लागेल. टॉर्क म्हणजे फिरवण्याचा जोर, पीळ देण्याची ताकद, एवढंच.

आता महत्त्वाची गोष्ट. नट गच्च बसला आहे, तुम्ही पूर्ण जोर लावून उभे आहात आणि तो हलत नाही. टॉर्क आहे, काम शून्य. इंजिनाचंही तसंच असतं. एका फेरीत किती पीळ मिळतो हे टॉर्क सांगतो. मिनिटाला अशा किती फेऱ्या होतात हे आरपीएम सांगतो. दोन्हींचा गुणाकार म्हणजे शक्ती. गाडीचा वेग वाढवणं, तिला चढावर नेणं, वारा कापणं ही सगळी कामं आहेत, आणि ठरावीक वेळात किती काम झालं ते शक्तीवरून मोजतात.

गाड्यांच्या जुन्या माहितीपत्रकांमध्ये टॉर्क किलोग्रॅम-मीटरमध्ये किंवा पाउंड-फुटांत दिलेला असतो. पहिल्याला ९.८१ ने आणि दुसऱ्याला १.३५६ ने गुणलं की न्यूटन-मीटर मिळतात.

पायरी २: टॉर्कच्या शेजारी आरपीएम लिहा आणि गुणाकार करा

या लेखातलं एकच सूत्र पाठ करायचं असेल तर हे करा:

अश्वशक्ती = टॉर्क (न्यूटन-मीटर) × आरपीएम ÷ ७०२४

ही मेट्रिक अश्वशक्ती आहे, म्हणजे ७३५.५ वॉट. किलोवॉट हवे असतील तर ७०२४ च्या जागी ९५४९ घ्या. आपल्या दोन इंजिनांवर सूत्र लावून पाहू.

डिझेलचे ३२० न्यूटन-मीटर १७५० ते २५०० आरपीएमदरम्यान मिळतात. १७५० वर हिशेब केला तर जवळपास ८० अश्वशक्ती, २५०० वर सुमारे ११४. तिथून पुढे टॉर्क उतरू लागतो, पण फेऱ्या वाढत असल्यामुळे शक्ती अजून चढत राहते आणि ४००० वर १४० ला पोचते. सूत्र उलटं फिरवा: १४० × ७०२४ ÷ ४०००. त्या क्षणी टॉर्क सुमारे २४६ उरलेला आहे. ३२० चा आकडा तोवर मागे पडला, तरी इंजिन सर्वांत जास्त शक्ती इथेच देतं आहे.

एस२००० चे २०८ न्यूटन-मीटर ७५०० आरपीएमवर येतात आणि २४० अश्वशक्ती ८३०० वर. तिथे टॉर्क सुमारे २०३ म्हणजे जवळपास तेवढाच. डिझेलचं इंजिन जिथे थकून गेलेलं असतं, तिथून दुप्पट फेऱ्यांवर हे इंजिन आपला पीळ टिकवून आहे. सगळा फरक इथेच आहे.

आता खालच्या फेऱ्यांची तुलना करू. २५०० आरपीएमवर एस२००० ला तिचा सर्वोच्च २०८ चा टॉर्क मिळतो असं उदार मनाने धरू (प्रत्यक्षात तो कमीच असतो). तरीही शक्ती भरते ७४ अश्वशक्ती. डिझेलची तिथे ११४ आहे. शहरात किंवा हायवेवर निवांत चालवताना डिझेल दमदार का वाटते, याचं कारण हेच. त्या फेऱ्यांवर तिच्याकडे टॉर्क जास्त आहे आणि म्हणून शक्तीही जास्त आहे.

पायरी ३: इंजिनापासून चाकापर्यंत चालत जा

पत्रकातला टॉर्क क्रँकशाफ्टवरचा, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या इंजिनाच्या दांड्यावरचा असतो. रस्त्याला ढकलतं ते चाक, आणि मध्ये गिअरबॉक्स बसलेला आहे. गिअर फेऱ्या कमी करतो आणि त्याच प्रमाणात टॉर्क वाढवतो. सायकलच्या चढावरच्या गिअरसारखंच हे काम आहे. त्यामुळे ज्या इंजिनाला जास्त फेऱ्या परवडतात त्याला मोठं गुणोत्तर देता येतं, आणि क्रँकवरचा कमी टॉर्क चाकापाशी भरून निघतो.

ताशी १०० किलोमीटरचा वेग घ्या. चाकाची त्रिज्या ३१ सेंटिमीटर असेल तर चाक मिनिटाला सुमारे ८५६ फेऱ्या मारतं. आता दोन्ही गाड्यांना त्यांच्या कमाल शक्तीच्या आरपीएमवर नेणारा गिअर लावला आहे असं समजा.

डिझेल: ४००० ÷ ८५६ म्हणजे एकूण गुणोत्तर ४.६७. चाकावर टॉर्क २४६ × ४.६७, सुमारे ११५० न्यूटन-मीटर. त्याला त्रिज्येने भागलं की रस्त्यावरचा धक्का ३७०० न्यूटन.

पेट्रोल: ८३०० ÷ ८५६ म्हणजे ९.७०. चाकावर २०३ × ९.७०, सुमारे १९७० न्यूटन-मीटर. धक्का ६३५० न्यूटन.

क्रँकवर दीडपट टॉर्क असलेली गाडी चाकावर निम्म्याहून थोडीच पुढे आहे. गिअरबॉक्समध्ये जाणारा तोटा आपण सोडून दिला, पण तो दोघींनाही लागतो. पडताळा पाहायचा असेल तर शक्तीला वेगाने भागा: २४० अश्वशक्ती म्हणजे १७६.५ किलोवॉट, भागिले २७.८ मीटर प्रतिसेकंद. उत्तर तेच येतं. ठरावीक वेगाला चाकावरचा धक्का त्या क्षणीच्या शक्तीवर ठरतो, मग ती शक्ती कमी फेऱ्या आणि जास्त टॉर्क यांतून आलेली असो की उलट.

आता तोच वेग, पण गिअर न बदलता. डिझेल वरच्या गिअरमध्ये २००० आरपीएमवर चालली आहे. गुणोत्तर २.३४, टॉर्क पूर्ण ३२०, धक्का सुमारे २४०० न्यूटन. म्हणजे तिच्या त्या वेगाच्या कमाल क्षमतेचा दोन तृतीयांश भाग नुसता पाय दाबून मिळाला. एस२००० सहाव्या गिअरमध्ये याच वेगाला ३३०० आरपीएमच्या आसपास असते. तिथे तिच्या कमाल क्षमतेचा जेमतेम ४० टक्के भाग मिळतो, तोही टॉर्क पूर्ण २०८ धरला तर. बाकीचं सगळं चार गिअर खाली, दुसऱ्यात उतरल्यावरच हाती येतं. डिझेल हाताशी असलेली ताकद देते, स्पोर्ट्‌स कार मागावी लागणारी ताकद देते.

स्वतः करून पाहायला आणखी एक जोडी देतो. फोक्सवॅगन टुआरेगचं ५ लिटरचं व्ही१० डिझेल: २००० आरपीएमवर ७५० न्यूटन-मीटर, कमाल ३१३ अश्वशक्ती. फेरारी ४५८ इटालियाचं ४.५ लिटरचं व्ही८: ६००० वर ५४० न्यूटन-मीटर, ९००० वर ५७० अश्वशक्ती. टुआरेगच्या टॉर्कच्या शिखरावर शक्ती किती? २१४. फेरारीच्या? ४६१. हे दोन आकडे हाताने काढलेत की पत्रकातल्या मोठ्या अक्षरांतल्या टॉर्कने तुम्ही पुन्हा बिचकणार नाही.

डिझेलला हा टॉर्क येतो कुठून

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण चुकीच्या समजुती सर्वांत जास्त इथेच आहेत.

पहिली समजूत: डिझेल इंधनातच जास्त ताकद असते. लिटरमागे ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने लिटरमध्ये ऊर्जा दहा-बारा टक्के जास्त असते हे खरं. पण किलोमागे दोन्ही जवळपास सारखी आहेत, आणि सिलिंडरमध्ये किती इंधन जळणार हे टाकीवर नाही, आत किती हवा आली यावर ठरतं.

दुसरी समजूत: डिझेलचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) लांब, म्हणून तरफ लांब, म्हणून टॉर्क जास्त. ही फार पसरलेली आहे आणि अर्धवट बरोबर असल्यामुळे निघता निघत नाही. आपल्या डिझेलचं सिलिंडर ८१ मिलिमीटर रुंद आणि स्ट्रोक ९५.५, एस२००० चं ८७ रुंद आणि स्ट्रोक ८४. क्रँकची तरफ डिझेलमध्ये लांब आहे खरी. पण घनफळ तेवढंच ठेवून स्ट्रोक वाढवला की पिस्टन अरुंद करावा लागतो. पिस्टनचं क्षेत्रफळ घटलं की त्यावरचा जोर त्याच प्रमाणात घटतो. तरफेने कमावलेलं क्षेत्रफळाने गमावलं. शेवटी टॉर्क ठरतो तो घनफळ आणि सिलिंडरमधला सरासरी परिणामी दाब या दोनच गोष्टींनी. घनफळ सारखं आहे, तेव्हा शोध दाबाचाच घ्यायचा. हिशेब केला तर एस२००० मध्ये तो टॉर्कच्या शिखरावर सुमारे १३ बार (एक बार म्हणजे साधारण हवेचा नेहमीचा दाब) निघतो, डिझेलमध्ये सुमारे २० बार.

हा जादा दाब देतो टर्बो. पुरावा फोक्सवॅगनच्याच १.९ लिटरच्या डिझेल इंजिनांत आहे. टर्बो नसलेल्या एसडीआय रूपात ६८ अश्वशक्ती आणि १३३ न्यूटन-मीटर, म्हणजे लिटरमागे ७०. ९० अश्वशक्तीच्या टर्बो टीडीआयमध्ये तेच घनफळ २०० च्या वर जातं, आणि पुढच्या १३० अश्वशक्तीच्या रूपात १९०० आरपीएमवर ३१० न्यूटन-मीटर. इंधन तेच, घनफळ तेच. टर्बो काढून घेतलेलं डिझेल टॉर्कमध्ये साध्या पेट्रोलच्याही मागे असतं, हे वाचून बऱ्याच जणांना धक्का बसतो. कारण असं की डिझेल फवाऱ्याने शेवटच्या क्षणी आत येतं आणि हवेत नीट मिसळायला त्याला वेळ मिळत नाही. सगळ्या हवेला पुरेल इतकं इंधन टाकलं तर काळा धूर होतो. म्हणून हवा नेहमी थोडी शिल्लक ठेवावी लागते. पेट्रोल इंजिन मात्र एक भाग इंधनाला १४.७ भाग हवा या प्रमाणात आलेली सगळी हवा वापरून टाकतं.

मग टर्बो डिझेललाच इतका का मानवतो? डिझेल इंजिन नुसती हवा दाबतं. आत इंधनच नसल्यामुळे ते वेळेआधी पेटून नॉकिंग (इंजिनाला घातक ठोके) होण्याचा प्रश्न येत नाही. हवा कितीही कोंबा, मर्यादा येते ती धातूच्या मजबुतीची, उष्णतेची आणि धुराची. पेट्रोलमध्ये मिश्रण दाबताना ते स्वतःच भडकण्याची भीती असते, आणि कमी फेऱ्यांवर ती वाढते, कारण तापलेल्या मिश्रणाला पेटायला जास्त वेळ मिळतो. नेमक्या ज्या फेऱ्यांवर डिझेल आपला सगळा जोर लावतं, तिथे पेट्रोलला जपून राहावं लागतं.

आलेखावर डिझेलचा टॉर्क टेबलासारखा सपाट दिसतो तोही नैसर्गिक नसतो. क्लच, गिअरबॉक्स आणि ड्युअल-मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे शोषणारं दोन भागांचं जड चाक) यांना सोसेल तेवढाच टॉर्क इंजिनाचा संगणक सोडतो आणि वरचा भाग कापून टाकतो. ही गोष्ट पुढे रीमॅपिंगच्या, म्हणजे त्या संगणकाचा प्रोग्रॅम बदलण्याच्या वेळी उपयोगी पडेल.

आणि वरच्या फेऱ्यांना ते दमतं का

४००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात २४ अंश फिरतो. ८००० ला ४८ अंश. डिझेलला त्या अवधीत फवारा मारायचा, थेंबांची वाफ करायची, ती हवेत मिसळायची आणि मग जाळायची. फेऱ्या वाढल्या की ज्वलन उशिरा संपतं, पिस्टन खाली निघून गेलेला असतो आणि दाब वाया जातो. शिवाय आधुनिक डिझेलमध्ये शिखरदाब १५० बारच्या पुढे जातो, त्यामुळे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, क्रँक सगळं दणकट आणि जड. जड वस्तू वेगाने खाली-वर हलवणं इंजिनाला महाग पडतं. लवकर दाब देणारा लहान टर्बो वरच्या फेऱ्यांना गळ्यासारखा आवळतो, हे तिसरं कारण.

स्पोर्ट्‌स कारचं पेट्रोल इंजिन उलट वाट का धरतं

टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात हवा वातावरणाच्या दाबानेच आत येते. सिलिंडर कितीही छान भरला तरी तो फार तर काठोकाठ भरतो. म्हणून लिटरमागे टॉर्कला जणू छतच असतं. एस२००० लिटरमागे १०४ न्यूटन-मीटर. पोर्शे ९११ जीटी३ ची ९९२ पिढी (२०२१ ची मूळ गाडी), ४ लिटरमध्ये ४७०, म्हणजे ११८ च्या आसपास. फेरारी ४५८, १२०. जगातल्या उत्तम अभियंत्यांनी घडवलेली तीन इंजिनं, आणि तिघांचा आकडा इतक्या अरुंद पट्टीत अडकलेला. टॉर्क वाढवायला जागा नसेल तर शक्ती वाढवायचा एकच मार्ग उरतो: तोच टॉर्क जास्तीत जास्त फेऱ्यांपर्यंत टिकवून धरणं. जीटी३ तिची ५१० अश्वशक्ती ८४०० वर देते आणि ९००० पर्यंत फिरते.

मला या इंजिनांबद्दल मनापासून आदर आहे तो यामुळेच. ९००० आरपीएमला एस२००० चा पिस्टन सरासरी सेकंदाला २५ मीटर वेगाने धावतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटर, आणि प्रत्येक फेरीत दोनदा पूर्ण थांबून उलट फिरतो. आपलं डिझेल ४००० वर असताना हाच वेग १२.७ मीटर असतो. हलके पिस्टन, कडक व्हॉल्व्ह स्प्रिंग, जास्त वेळ उघडे राहणारे व्हॉल्व्ह हे सगळं वरच्या फेऱ्यांसाठी घडवलेलं असतं. पण व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे राहिले की कमी फेऱ्यांना आत आलेली हवा परत बाहेर ढकलली जाते. म्हणून ही इंजिनं खाली मवाळ वाटतात. होंडाने त्यावर उपाय म्हणून कॅमचे (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या उंचवट्यांचे) दोन आकार ठेवले. ६००० च्या आसपास इंजिन दुसऱ्या, उंच कॅमवर जातं आणि आवाजासकट गाडीचा स्वभाव बदलतो.

टर्बो पेट्रोल आल्यावर

हा फरक पूर्वीइतका स्वच्छ राहिलेला नाही. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारण्याचं तंत्र आणि चांगले टर्बो आल्यावर नॉकिंगचा धोका बराच आटोक्यात आला. गोल्फच्या सातव्या पिढीतली जोडी यासाठी फार बोलकी आहे. पेट्रोल जीटीआय: २२० अश्वशक्ती, १५०० ते ४४०० आरपीएमपर्यंत ३५० न्यूटन-मीटर. डिझेल जीटीडी: १८४ अश्वशक्ती, १७५० ते ३२५० पर्यंत ३८०. डिझेलचा टॉर्क ३० ने जास्त, पण पेट्रोलचा पठार जवळजवळ दुप्पट रुंद. मॅन्युअल गिअरबॉक्सच्या गाड्यांत ० ते १०० ला जीटीआय ६.५ सेकंद घेते, जीटीडी ७.५. मर्सिडीज-एएमजी ए४५ एसचं २ लिटर पेट्रोल तर ५०० न्यूटन-मीटर देतं, पण ५००० आरपीएमवर, कारण तिथे टर्बो मोठा आहे आणि लक्ष्य ४२१ अश्वशक्तीचं आहे.

उलट बाजूचं उदाहरणही आहे. २००६ मध्ये ऑडीच्या आर१० टीडीआयने ल माँची २४ तासांची शर्यत जिंकली. ती शर्यत जिंकणारी ही पहिली डिझेल गाडी. ५.५ लिटरचं व्ही१२, ६५० हून जास्त अश्वशक्ती, ११०० न्यूटन-मीटरच्या वर टॉर्क. एवढ्या टॉर्कला टिकेल असा गिअरबॉक्स बनवणं हे त्या प्रकल्पातलं अवघड काम होतं, आणि टॉर्कचा पट्टा रुंद असल्यामुळे पाच गिअरवर भागलं. डिझेल जलद असू शकते, फक्त तिला मोठं, जड आणि भक्कम व्हावं लागतं.

पायरी ४: गाडी चालवताना हे वापरा

डिझेल गाडीने ओव्हरटेक करताना आरपीएमची सुई १७०० ते २००० च्या वर आहे का ते आधी पाहा. असेल तर बहुतेक वेळा गिअर बदलायची गरज नसते. ती १३००-१४०० वर असेल तर एक गिअर खाली या, नाहीतर टर्बोत पुरेसा दाब नसताना तुम्ही समोरच्या वाहनाच्या शेजारी अडकाल. टर्बोचा दाब तयार व्हायला लागणारा क्षणभराचा उशीर आणि ज्या फेऱ्यांखाली दाब तयारच होत नाही ती रेषा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत थोडं थांबलं की काम होतं, दुसरीत गिअरच बदलावा लागतो. पूर्ण दाबून जायचं असलं तरी डिझेल लाल रेषेपर्यंत ताणण्यात अर्थ नाही. ४००० च्या थोडं पुढे गिअर टाकला की सुई पुन्हा जोराच्या पट्ट्यात येते.

स्पोर्ट्‌स कारला याच्या उलट वागवा. ओव्हरटेक करायचा तर आधी दोन, कधी तीन गिअर खाली. सुई ५५००-६००० च्या वर आली की मग बाहेर पडा. गिअर वर टाकतानाही घाई नको. एस२००० मध्ये दुसऱ्या गिअरचं गुणोत्तर २.०४५ आणि तिसऱ्याचं १.४८१ आहे. ९००० ला गिअर टाकलात तर सुई सुमारे ६५०० वर उतरते, म्हणजे उंच कॅमच्या वरच. ७५०० ला टाकलात तर ५४०० वर, आणि इंजिन त्या कॅमवरून खाली पडतं. नियम असा: नव्या गिअरमध्ये मिळणारी शक्ती जुन्या गिअरमध्ये उरलेल्या शक्तीइतकी होईल, तेव्हा गिअर टाका. त्याआधी टाकलात तर चाकावरचा जोर विनाकारण घटतो.

चढाचा हिशेब लोकांना सर्वांत जास्त चकवतो. १५०० किलोची गाडी, दर १० मीटरला १ मीटर चढणारा रस्ता, वेग ताशी ६०. चढ, टायरचा रोध आणि वारा मिळून साधारण १७५० न्यूटन, म्हणजे ढोबळ ४० अश्वशक्ती लागते. २००० आरपीएमवर त्यासाठी १४० न्यूटन-मीटर हवेत, ४००० वर फक्त ७०. दोन्ही गाड्या हा चढ आरामात चढतील. डिझेल वरच्या गिअरमध्ये शांतपणे, पेट्रोल एक-दोन गिअर खाली येऊन आवाज करत. चढावर पेट्रोलचा आवाज वाढला म्हणजे इंजिन कमजोर, असं मानू नका. त्या इंजिनाची कामाची जागाच ती आहे.

एक सवय मात्र दोन्ही प्रकारांत सोडा. १२००-१३०० आरपीएमवर वरच्या गिअरमध्ये पाय पूर्ण दाबून गाडी ओढत नेणं. डिझेलमध्ये त्याचे हादरे ड्युअल-मास फ्लायव्हील आणि क्लच खातात. थेट फवाऱ्याच्या टर्बो पेट्रोलमध्ये धोका आणखी वाईट आहे: मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं आणि एका फटक्यात पिस्टन तुटू शकतो. इंधन वाचवायला वरचा गिअर ठेवा, पण मग पाय हलका ठेवा.

पायरी ५: घेण्याआधी पत्रक आणि गाडी दोन्ही तपासा

पत्रकात टॉर्कपुढे आरपीएमचा पट्टा असतो. त्याच्या दोन्ही टोकांना सूत्र लावून शक्ती काढा, मग कमाल शक्तीच्या आरपीएमवर उरलेला टॉर्क काढा. तीन बिंदू मिळाले, आलेखाचा ढोबळ आकार तयार. पट्टा खाली सुरू होऊन लवकर संपत असेल तर गाडी निवांत चालवायला सोपी, पूर्ण ताणायला कंटाळवाणी. मग कमाल शक्तीला गाडीच्या वजनाने भागा. टॉर्कला वजनाने भागून तुलना करू नका. दोन वेगळ्या प्रकारच्या इंजिनांत त्या भागाकाराला अर्थ उरत नाही.

टेस्ट ड्राइव्हला मोकळा, सुरक्षित रस्ता मिळाला तर दोन चाचण्या घ्या. पहिली: चौथा गिअर, ताशी ५० वरून ८० पर्यंत, गिअर न बदलता. दुसरी: तोच वेग, पण आधी योग्य खालचा गिअर टाकून. दोन वेळांमधला फरक डिझेलमध्ये लहान येईल, जास्त फिरणाऱ्या पेट्रोलमध्ये मोठा. तुम्ही रोज कशी गाडी चालवता ते तुम्हालाच ठाऊक, आणि निवड त्याच फरकावरून करायची आहे. आठ-दहा गिअरची ऑटोमॅटिक असेल तर हा फरक बराच झाकला जातो, कारण खालचा गिअर ती तुमच्याआधीच टाकते.

सुरुवातीचा धक्का पाहून फसू नका. टर्बोचा दाब एकदम चढला की पाठीला झटका बसतो, आणि शरीराला बदल जाणवतो, बदलानंतरची पातळी तितकी जाणवत नाही. सरळ चढत जाणारं पेट्रोल इंजिन जास्त जलद असूनही कमी जोरदार वाटतं. म्हणून घड्याळ लावा.

रीमॅपिंगचा विचार असेल तर विचारायचा प्रश्न "टॉर्क किती वाढेल" हा नाही, "कोणत्या आरपीएमवर वाढेल" हा आहे. १८०० वर वाढवलेले ८० न्यूटन-मीटर रॉड, क्लच आणि फ्लायव्हील यांना जितके सोसावे लागतात, तितका ताण ३५०० वरच्या वाढीचा येत नाही, आणि गाडी जलद होते ती मुख्यतः त्या दुसऱ्या वाढीने. आलेख मागा, आधीचा आणि नंतरचा, एकाच कागदावर. आलेख चाकावर मोजलेला आहे की क्रँकवर आणून दाखवलेला, हेही विचारा, कारण मधल्या तोट्यामुळे दोन आकडे थेट जुळत नाहीत.